काठी घरात राहिली पाहिजे

५ जानेवारी १९४७

पलटणीतून सुटून घरी आलो त्याला तीन आठवडे झाले. आज कराडच्या बाजारातून ही वही आणली. साहेबलोक तब्येतीची डायरी ठेवत, आपणही ठेवावी म्हटलं.

सुटताना डॉक्टर साहेबानं छाती ठोकून पाहिली आणि म्हणाला, "सुभेदार, हाडं पक्की आहेत. फक्त बसून राहू नका." बसून राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. मलकापूरचे नाथाजी जमादार पेन्शन घेऊन आले तेव्हा काठीसारखे ताठ होते. मग दिवसभर पारावर बैठक, तंबाखू, दुपारी झोप, रात्री मटण. दुसऱ्या दिवाळीला त्यांना खाटेवरून उठवायला दोघं लागायची. तिसरी दिवाळी त्यांनी पाहिली नाही. माझं तसं होऊ द्यायचं नाही. म्हणून पहाटे नदीपर्यंत चालणं, मग दंड-बैठका, थंड पाण्यानं अंघोळ, दुपारची झोप बंद, रात्री एकच भाकरी. तंबाखू बंद. हे शेवटचं लिहिताना हात जरा अडला.

घरात मी, आमची मंडळी विजयमाला, धाकटा भाऊ आकाराम आणि त्याची बायको रंगूबाई. आमचा पोरगा लालासाहेब पलटणीत पंजाबकडे आहे, दंग्यांच्या धास्तीनं रजा नाही. आकारामला मूलबाळ नाही. मी नोकरीत असताना ऊस, बैल, विहीर सगळं त्यानंच पाहिलं.

आज जेवताना तो म्हणाला, "दादा, औंदा माझ्यासंगं काठीचा सराव करतोस का?"

घास हातात तसाच राहिला. आमच्या गावची ज्योतिबाची सासनकाठी, चैत्रात ज्योतिबाच्या डोंगरावर नेतात ती निशाणाची उंच काठी, वडलांच्या मागं आकारामच नाचवतो. कधी कुणाला काठीच्या पट्ट्याला हात लावू दिला नाही. मी रजेवर आलो की मी नुसता गुलाल उधळायचा. आणि आज आपण होऊन विचारतो. सगळी नोकरी क्वार्टरमास्टरच्या गोदामात काढली आहे मी. तिथं एवढं कळतं की जो फार गोड बोलतो त्याच्या बिस्तऱ्यात सरकारी घोंगडी निघते.

"करतो," म्हणालो. नाही कशाला म्हणू? पण लक्ष ठेवणार.

१२ जानेवारी

व्यायाम ठीक. गुडघा डावा कुरकुरतो. पोट साफ.

दुधाची भानगड लिहून ठेवतो. रोज सकाळी रंगूबाई म्हशीच्या धारोष्ण दुधाचा तांब्या माझ्यापुढं आणून ठेवते आणि पदर ओढून आत जाते. थोरल्या दिराशी बोलायची आमच्याकडं रीत नाही, त्यामुळं विचारायचीही सोय नाही. आकाराम स्वतः ताक पितो, तेही पातळ. लहानपणी हा पोरगा चरवीला तोंड लावून दूध प्यायचा आणि आईचा मार खायचा. त्यानं आपलं दूध मला का द्यावं?

विजयमालेला म्हटलं, "दुधात काय घालतात का बघ."

"म्हशीला इचारा," ती म्हणाली.

थोडं मांजराला पाजून पाहिलं. मांजर संध्याकाळपर्यंत ठणठणीत. तरी मी निम्माच तांब्या प्यायलो. माणूस लठ्ठ करूनही निकामी करता येतो.

२० जानेवारी

सराव सुरू झाला. मळ्यात आकारामनं बांबूचा एक लांब कळक आणून ठेवलाय. कमरेला जुना पट्टा बांधायचा, त्याच्या खोबणीत कळकाचा बुंधा बसवायचा, आणि वरचा सगळा डोलारा पोटाच्या आणि मांड्यांच्या जोरावर तोलायचा. खऱ्या काठीला चारी अंगांनी दोर असतात, गावची माणसं ते धरून तोल सांभाळतात. सरावाला दोन दोर, एक आकारामच्या हातात, एक गड्याच्या.

"हातानं नगं धरूस, दादा. कमरंत घे. आन् वर बघ, पायाकडं बघू नगंस."

मी पायाकडंच बघत होतो. कळक कलंडला, मी आडवा झालो. आकाराम हसला नाही. तो हसला असता तर मला बरं वाटलं असतं.

पेन्शनवाल्याला ही उठाठेव कशाला, असं विजयमाला म्हणते. तिला काय सांगू. चैत्रात डोंगरावर हजारो माणसांत मी काठी उचलली तर गाव म्हणेल की सुभेदार अजून सुभेदार आहे. नाहीतर मी परसातला म्हातारा, दिवस मोजणारा.

काठीच्या मानाचं इथं लिहून ठेवतो, म्हणजे माझा संशय उगाच नाही हे कळेल. काठी मुळात आमची नव्हती, भावकीतल्या नानासोच्या घराची होती. नानासोच्या आज्याला ऐन चैत्रात ताप भरला आणि त्यानं पट्टा सोडला. आमच्या गावची रीत अशी की नेमात चूक झाली, मांस खाल्लं, दारू प्यायली, तर त्या माणसाला दंड होतो पण मान घरात राहतो, दुसऱ्या भावानं उचलायची. दुखण्यानं पट्टा सुटला मात्र देवानंच त्या घराला सोडलं असं धरतात, आणि काठी शेजारच्या घरात जाते. तशी ती आमच्या आज्याकडं आली. तेव्हापासून नानासोचं घर आमच्याकडं डोळे लावून बसलंय. आकाराम त्याला सामील तर नाही? मला उभा करायचा, डोंगरावर पाडायचा, आणि मग म्हणायचं की थोरल्याचं पेन्शनीत अंग गेलं.

२ फेब्रुवारी

पकडला.

पहाटे चालायला गेलो तो नेहमीची वाट सोडून विहिरीवरून गेलो. कळक विहिरीत बुडवून ठेवलेला. वर दोरीनं बांधलेला, अर्धा पाण्यात. म्हणजे रोज सकाळी मी जो उचलतो तो पाणी प्यायलेला कळक. म्हणूनच माझ्या मांड्या थरथरतात आणि मला वाटतं की वय झालं.

तसाच गोठ्यात गेलो. आकाराम दावणीला टेकून उभा होता, एक हात पोटावर. मी विचारलं, "कळक भिजवतोस व्हय रं?"

तो दचकला. मग म्हणाला, "वाळला की तडकतो, दादा."

"आणि जड होतो ते?"

"व्हय. जडबी व्हतो."

एवढंच. ना लाज, ना माफी. मी बरंच बोललो. सगळी नोकरी चोर पकडण्यात गेली आणि चोर घरातच निघाला असंही म्हणालो. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "उद्या येशील न्हवं सरावाला?"

जाणार आहे. भिजलेला तर भिजलेला. त्याला दाखवतोच.

१६ फेब्रुवारी

मांड्या भरल्या आहेत. जुना पायजमा घट्ट होतो. गुडघ्याची तक्रार नाही. कळक पोटावर घेऊन मळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, आणि वर बघतो.

आज आकारामनं सराव लवकर थांबवला आणि मला सगळं रान फिरवलं. कुठला बांध कुणाच्या लगत, कुठला दगड हद्दीचा, उसाला पाण्याची पाळी कोणत्या वारी, ढवळ्या बैल डाव्या बाजूनं लाथ मारतो, कुठल्या गड्याला आगाऊ धान्य द्यायचं नाही. मधेच बांधावर बसला. मी म्हणालो, "चालून दमलास?" म्हणे, "न्हाई, बसावं वाटलं."

"हे मला कशाला सांगतोस?"

"तुला ठावं पायजे. निम्मं तुझं हाय."

निम्मं. म्हणजे वाटणी. आजपर्यंत या घरात हा शब्द कुणी काढला नव्हता. आता बांध दाखवतोय, उद्या मोजणीदार आणेल. मागच्या महिन्यात दोनदा सांगलीला गेला होता, हळदीचा भाव बघायला म्हणे. हळद आमच्याकडं एवढीशी, आणि ती विकायला अजून अवकाश आहे.

रात्री विजयमालेला सांगितलं. ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "तुमाला समदं दिसतंय, तेवढं सोडून." काय सोडून ते सांगितलं नाही. तीही त्यांच्यात असावी.

८ मार्च

शिमगा झाला. आजपासून काठीवाल्या घराचा नेम सुरू. मांस नाही, दारू नाही, पायात वहाण नाही. मला काही जड नाही. आकारामनं तर पुरणपोळीही खाल्ली नाही, नुसती आंबील. नेमाच्या आधीच नेम. कुणाला दाखवतोय?

दुपारी पारावर नानासो भेटला. माणूस वाईट नाही, पण डोळे फार फिरतात. म्हणाला, "सुभेदार, आकाराम लय बारीक झालाय. बरा हाय न्हवं?"

"ठणठणीत आहे."

"धोतर कमरंवर ठरंना त्येचं."

"कामाचा माणूस आहे, तुझ्यासारखा पारावर बसत नाही," म्हणालो. घरातलं भांडण घरात. बाहेरच्याला मी कधी तोंड लागू दिलं नाही.

१३ मार्च

आज जे पाहिलं ते नीट लिहितो.

आकाराम पुन्हा सांगलीला निघाला. मी फेटा काढून ठेवला, टोपी घातली, आणि कराडला त्याच्या मागच्या डब्यात बसलो. मिरजेला गाडी बदलताना तो खांबाला धरून बराच वेळ उभा होता. कुणाची तरी वाट बघत असावा. कुणी आलं नाही.

सांगलीत गणपतीच्या देवळाकडून एका गल्लीत वळला. तिथं एक माडी आहे. खाली वकिलाची पाटी, वर जिन्यात डॉक्टरची. आकाराम आत शिरला. मी समोरच्या भांड्यांच्या दुकानात तांब्याचे भाव करत उभा राहिलो. तासभर तरी गेला. डॉक्टरकडं माणूस आजारी असला की जातो, आणि आजारी माणूस घरात सांगतो. न सांगता जातो तो वकिलाकडंच. वाटणीचे कागद होतायत, दुसरं काय?

पण पुढचं मी मनातही आणलं नव्हतं. तो बाहेर आला तेव्हा काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली होती. तिथून सरळ कृष्णेच्या घाटावर. पायरीवर बसला, इकडंतिकडं पाहिलं, बूच काढलं आणि तोंडाला लावली. एकच घोट, डोळे मिटून, तोंड वाकडं करून. मग गुडघ्यांत डोकं घालून बसून राहिला. गोदामातली रम चोरून पिणारे शिपाई मी किती धरले आहेत. ते असेच डोळे मिटतात.

शिमग्यानंतर. नेमात. काठीवाल्या घरात.

येताना गाडीत मला रडू येईल असं वाटलं, रागानं. आई गेली तेव्हा हा एवढासा होता. याला खांद्यावर घेऊन मी डोंगर चढलोय. संध्याकाळी घरी त्याच्या जवळून गेलो तर तोंडाला वास होता, उग्र, गोडसर. संशयाला जागाच उरली नाही.

१९ मार्च

कुणाला सांगितलं नाही अजून. बोलावं की गप्प राहावं? बोललो तर भाऊ उघडा पडतो. न बोललो तर नेम मोडलेला माणूस देवाची काठी उचलतो, आणि ते पाप माझ्याही माथी. शिवाय मी दोन महिने कशासाठी घाम गाळला?

रंगूबाई हल्ली चुलीपुढं बसून डोळे पुसते. दारुड्याची बायको, बिचारी.

२३ मार्च, पाडवा

गुढ्या उभारून झाल्यावर गाव ज्योतिबाच्या देवळात जमला. रीतीप्रमाणे गुरवानं मानाचा पट्टा देवापुढं ठेवला आणि विचारलं, कुणाची हरकत?

नानासो उठला. "हरकत न्हाई, इचारतोय. आकाराम लय वाळलाय. माझ्या बांधावर वकताना बघितलाय मी त्याला, एकदा न्हाई, लयदा. दुखणं असंल तर त्यानं देवापुढं सांगावं. रीत हाय ती हाय. आमच्या आज्यानं पट्टा सोडला तवा कुणी दया केली न्हाई."

आकाराम खाली बघत बसला होता. गुरव म्हणाला, "आकाराम, देवापुढं बोल. दुखणं हाय?"

त्यानं मान वर केली नाही. मी त्याच्याकडं बघत होतो. देवापुढं खोटं त्याला बोलवेना, आणि खरं सांगायची छाती नाही, हे मला स्वच्छ दिसलं. आता हा दुखण्याचं पांघरूण घेणार, स्वतः सुटणार आणि काठी नानासोच्या दारात जाणार. मला राहवलं नाही.

मी उठलो. "दुखणं-बिखणं काही नाही. हा पितो. दहा दिवसांमागं सांगलीत, घाटावर बसून, बाटली तोंडाला लावून. मी या डोळ्यांनी पाहिलं. ओकतो तो त्यामुळंच."

आकारामनं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत राग असेल असं वाटलं होतं. तो नव्हता. पुरात वाहून चाललेल्याच्या हाताला फांदी लागावी तसा बघत होता माझ्याकडं. मग उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "दादानं बघितलंय ते खरं हाय. बाटली व्हती, मी प्यालो. दंड करा."

दंड ठरला. वर्षभर देवळाची पायरी चढायची नाही आणि काठीला हात लावायचा नाही. वर्षभर म्हटल्यावर आकाराम चक्क हसला. असा निलाजरेपणा मी जन्मात पाहिला नव्हता.

मान घरात राहिला. पट्टा माझ्या कमरेला बांधला. नानासो एकदम म्हातारा दिसायला लागला.

मला आनंद झाला पाहिजे होता. आज मी सणाचं जेवलो नाही, हे तेवढं तब्येतीच्या नोंदीत लिहितो.

२९ मार्च

विजयमाला माझ्याशी बोलत नाही. ताट पुढं सरकवते आणि उठून जाते. मी म्हणालो, खरं बोललो तर माझा गुन्हा? ती म्हणाली, "देवानं तुमास्नी डोळं दिलं आन् वर काय ठेवलंच न्हाई."

गावातली पोरं आकारामला बघून झोकांड्या खाऊन दाखवतात. तो त्यांच्याकडं बघतही नाही. सरावाला मात्र रोज येतो, लांब बांधावर बसतो. दोराला हात लावत नाही. तिथून ओरडतो, "वर बघ, दादा."

३१ मार्च

काठी निघाली. वाजंत्री, गुलाल, सगळा गाव वेशीपर्यंत. आकाराम वेशीबाहेर ओढ्याच्या काठाला एकटा उभा होता, दंड म्हणून. मी जवळ गेलो तेव्हा वाकून पाया पडला आणि उठताना त्याला माझ्या हाताचा आधार घ्यावा लागला. मी वास घेऊन पाहिला. तोच उग्र, गोडसर.

"जा," म्हणाला, "चांगभलं म्हन. आन् घाई करू नगंस, काठी आपली आपन येती."

५ एप्रिल, चैत्र पौर्णिमा, डोंगरावर

हात गुलालानं माखलेत, वहीही लाल झाली.

काठी उचलली. देवळाच्या प्रदक्षिणेत, त्या गर्दीत, वर बघत, कमरेत घेऊन. एकदाही कलंडली नाही. माणसं म्हणाली, हा कोण, आकारामचा थोरला भाऊ का? म्हणजे इथं मला ओळखतात ते आकारामचा भाऊ म्हणून. गंमत आहे.

एक गोष्ट मात्र मनात घोळते आहे. काठी हलकी लागली. एवढी उंच, वर झालर, निशाण, तरी सरावाच्या कळकापुढं काहीच नाही. तो ओला कळक जड होता म्हणून ही हलकी. ज्याला मला पाडायचं होतं त्यानं मला जड कळकावर का तयार केलं? हा हिशेब जुळत नाही. दूध, बांध, बैलाची लाथ, पाण्याच्या पाळ्या. एकेक आठवतंय आणि एकही माझ्या संशयात बसत नाही.

खाली उतरायला सगळे निघालेत. मला लवकर घरी जायचंय.

९ एप्रिल

काल पोचलो. आकाराम पडवीत घोंगडीवर होता. मी डोंगराला गेलो तेव्हा जे धोतर कमरेवर ठरत नव्हतं ते आता नेसताच येत नव्हतं. पांघरुणाखाली जणू कुणी नव्हतंच. एवढ्या दिवसांत? नाही. मी पाहिलंच नव्हतं. रोज माझी मांडी चाचपत होतो.

मी दारातच थांबलो. रंगूबाई उठून आत गेली नाही. पदर ओढला नाही. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"पोटात गाठ हाय त्यांच्या, भाऊजी. दिवाळीपास्नं. सांगलीचा डाक्टर म्हनला चैत्र-वैशाख. बाटलीत औषीद असतंय, दुखू नये म्हनून. तुमी यायच्या आदीपास्नं मला आन् जाऊबाईला शपथ घातली व्हती."

मी विजयमालेकडं पाहिलं. ती म्हणाली, "तुमाला कसं सांगायचं? तुमच्या तोंडावर समदं दिसतं. नानासोनं एकदा इचारलं असतं, आन् काठी गेली असती."

आकारामच्या शेजारी बसलो. पाय धरले त्याचे. धाकट्याचे पाय थोरल्यानं धरू नयेत. त्यानं ते ओढून घ्यायचा प्रयत्न केला, ओढवले नाहीत.

"मी आत्ता देवळात जातो," म्हणालो. "सगळ्यांपुढं सांगतो. आंधळा होतो म्हणून सांगतो."

"सांगितलंस तर काठी जाईल."

"जाऊ दे गेली तर."

"तुला जाऊ दे म्हनायला काय जातंय?" आवाज बारीक होता, पण पहिल्यांदाच तो माझ्यावर रागावला. "आज्यानं उचलली, बापानं, मी. उद्या लालासाहेब ईल. त्या दिशी नानासोनं धरलाच व्हता मला. देवापुढं मी न्हाई म्हनू शकत नव्हतो आन् व्हय म्हनू शकत नव्हतो. तू उठलास. मला वाटलं देवच उठला. दादा, तू खोटं बोलला न्हाईस, मीबी न्हाई. ज्येला जे दिसलं ते बोलला. आता त्यावर माती टाकू नगंस."

"गाव तुला दारुडा म्हणतंय, आकाराम."

"म्हनू दे. चार दिस म्हनतील."

मी रडलो. तो माझ्या पाठीवरून हात फिरवत होता, आणि हात फिरवायचाही त्याला त्रास होत होता.

४ मे

पहाटेचं चालणं बंद. त्या वेळी आकारामला मळ्यात नेतो. उचलून घेतो आणि विहिरीजवळ आंब्याखाली ठेवतो. उचलताना जोर लावावा लागत नाही. कळक जड होता.

तो झोपलेला असला की मी त्याच्या छातीकडं बघत बसतो. माझ्या पोटाबद्दल, गुडघ्याबद्दल या वहीत लिहायला काही नाही. सगळं ठीक आहे. माझं सगळं ठीक आहे याचा मला राग येतो.

आज त्यानं दूध मागितलं. घोटभर प्याला आणि ओकला. मग म्हणाला, "चव तीच हाय."

२ जून

आकाराम परवा गेला. सकाळी, गोठ्यात धारा चालल्या होत्या तेव्हा.

आमच्याकडं तिरडी देवळापुढून नेतात आणि तिथं क्षणभर टेकवतात. दंड सुटला नव्हता, म्हणून ओढ्याच्या वाटेनं नेली. खांदा मी दिला, नदीपर्यंत बदलला नाही. लोक म्हणाले, सुभेदाराचं अंग काय टणक आहे या वयात.

नानासो सगळ्यात आधी आला होता, लाकडं त्यानंच रचली. अग्नी दिल्यावर माझ्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, "लय गुनाचा व्हता. दारूनं नेला बग. तू मातूर कशी तब्येत राखलीस." आणि माझ्याकडं वळून नीट बघत विचारलं, "दारूच व्हती न्हवं, सुभेदार? दुसरं काय नव्हतं?"

रंगूबाई घरी होती. विजयमाला घरी होती. सांगणारा मी एकटाच होतो, आणि आकाराम समोर जळत होता.

मी नानासोच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणालो, "व्हय. दारूच."

त्यानं मान हलवली. माझ्या तोंडावर त्याला काही दिसलं नाही.